मालनचा खांदा

"मार," पडद्यापलीकडून मामंजी म्हणाले.

मी मारली. सणसणीत. समोर चटईवर पडलेली बाई माझ्या नात्याची ना गोत्याची, तिनं माझं काही वाकडं केलेलं नव्हतं. पण आमच्या घरात उतरलेला खांदा असाच बसवत. माणसाला उताणं पाडायचं, काखेत टाच रोवायची, मनगट धरायचं आणि त्याच्या ध्यानीमनी नसताना थोबाडीत द्यायची. माणूस चवताळतो. 'आयला, मला मारलं?' असं त्याच्या मनात येतं, तेवढ्यापुरतं त्याचं अंग खांद्याला विसरतं. तेवढ्यातच ओढायचं. थप्पड गालावरून परत यायच्या आत.

मी ओढलं. कोयंड्यात कडी पडावी तसा खांदा जागेवर गेला. इतका सहज खांदा मी त्याआधी बसवला नव्हता. माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

"बसला," मी म्हणाले.

पडद्यापलीकडं बाज करकरली. मग, "वरडली न्हाई?"

"न्हाई."

"शिवी बी दिली न्हाई?"

"न्हाई की. गुणाची हाय बाई."

मामंजी नुसतं खाकरले.

पडद्याचं सांगते. माझे सासरे भरमाप्पा वस्ताद. तरुणपणी लाल मातीत लोळले, मोडले आणि मोडता मोडता हाडं बसवायला शिकले. पंचगंगेच्या दोन्ही काठांवरून माणसं त्यांच्याकडं यायची. बायकांच्या अंगाला मात्र ते हात लावायचे नाहीत. ते काम सासूबाईंचं. सासूबाई गेल्या आणि ते माझ्या गळ्यात आलं. मला कुणी शिकवलं म्हणावं तर तसं नाही. मामंजी सोप्यात बसून पडद्याआडून 'वर घे', 'दाब', 'मार' एवढंच सांगायचे. बाकी माझी बोटं चाचपडत चाचपडत शिकली. आमचे मालक इचलकरंजीला मागावर. ते आठवड्याला एकदा यायचे, तेही झोपायला.

मालनचा नवरा सोप्याच्या पायरीवर बसून रडत होता. कल्लाप्पा त्याचं नाव. दुधाचा टेम्पो चालवायचा. गोरा, नीट भांग पाडलेला, शर्टाच्या खिशात पेन. त्यानंच तिला उचलून आणलं होतं, अगदी फुलासारखं.

"न्हाणीत घसरली वो वहिनी," मला बघून तो म्हणाला. "शेवाळ घासून काढ म्हनून मी किती दिस सांगतोय. ऐकंल तर शपथ. लई दुखलं का गं मालन?"

मालननं मान हलवली. नाही म्हणाली का होय, ते कळलं नाही.

आम्ही काही विचारलं नाही. आमच्या घराची तशी रीतच होती. कुठं दुखतंय ते विचारायचं, कसं झालं ते विचारायचं नाही. तालमीतली पोरं भांडणं करून यायची, चोरून झाडावर चढलेली यायची. विचारत बसलं तर खोटं ऐकावं लागतं, आणि खोटं ऐकून हाड लवकर जुळत नाही, असं मामंजी म्हणायचे.

मी मैदालकडी आणि आंबेहळदीचा लेप घातला. जुन्या धोतराची लांबच लांब पट्टी काढली आणि तिचा डावा हात छातीशी घेऊन बांधून टाकला. कल्लाप्पा तिला न्यायला उठला.

"बस," मामंजी म्हणाले. "ही हितंच ऱ्हाईल. पट्टा सुटंपतोर."

"आं? वस्ताद, खांदा तर बसला की. घरी जाऊन पडंल गप."

"खांदा लई नाजूक झालाय. घरी गेली की भाकरी थापंल, पानी वडंल. पुन्यांदा निखळला तर मी जबाबदार न्हाई."

"मी करू देतो व्हय तिला काम? मी सोता घागर उचलतो."

"उचलतोस ते चांगलंच हाय. पर पट्टा माझ्या घरचा हाय. आमी बांधलाय, आमीच सोडनार. तवर हितनं हलायचं न्हाई."

या बोलण्याला आमच्या भागात वजन होतं. ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं. वस्तादाच्या पट्ट्याला दुसऱ्यानं हात लावला तर तो वस्तादाच्या अंगाला हात लावल्यासारखाच. पैलवान, पाटील, कुणीही असो, पट्टा सुटेपर्यंत वस्ताद म्हणेल तेच. कल्लाप्पा मामंजींच्या पाया पडला, गोड बोलला आणि गेला.

मी मात्र मनातल्या मनात चरफडले. खांदा बसल्यावर लोक त्याच दिवशी घरी जातात. या एकीलाच ठेवून घ्यायचं कारण? घरात आणखी एक खाणारं तोंड, तेही एका हाताचं. रांगोळी काढल्यासारखे नाक-डोळे होते तिचे, आणि म्हातारपणी माणसाला कधी कशाचा मोह पडेल सांगता येत नाही. असलं काहीबाही माझ्या मनात आलं. आलं ते आलं.

मालन बोलायची कमी. एका हातानं लसूण सोलायची, शेंगा फोडायची, कोंबड्या हाकायची. काही पडलं-सांडलं की ती भिंतीला लागायची. एकदा माझ्या हातातून परात निसटली. एवढा दणका झाला आणि वळून बघते तर मालन कोपऱ्यात.

"अगं, परात हाय. चावत न्हाई," मी म्हणाले.

ती हसली. हसली की तिचा एक दात दिसायचा, अर्धा तुटलेला.

"ह्यो कशानं?"

"न्हाणीत," ती म्हणाली.

"तुझी न्हानी हाय का खान हाय गं?"

तेव्हा ती खरोखर हसली आणि हसता हसताच उठून परसात गेली. बराच वेळ आली नाही.

कल्लाप्पा एक दिवसाआड यायचा. कधी खवा आणायचा, कधी गजरा. शेजारच्या गंगूआत्ती त्याला बघून म्हणायच्या, "नशीब लागतं बाई. आमच्या म्हाताऱ्यानं जन्मात कधी गजरा आनला न्हाई, आनला तर देवाला." एका हातानं मालनला वेणी घालता यायची नाही, तर हा भर सोप्यात बसून तिची वेणी घालायचा. तीन पेड, अगदी बाईच्या सफाईनं. आळीतल्या बायका दारातून बघायच्या. घालून झाली की वेणीचं टोक हातात धरून हळूच जरा ओढायचा. हसत हसत. मालनची मान मागं जायची, तो वरून तिच्या तोंडाकडं बघायचा आणि म्हणायचा, "घरला कधी यायचं, आं?"

शेवटी मीच मामंजींकडं गेले. ते बाजेवर बसून गुडघ्यांना तेल चोळत होते.

"मामंजी, जाऊ द्या की तिला. नवरा पोरासारखा रडतोय. लोक काय म्हनत्याल?"

ते तेल चोळत राहिले. मग विचारलं, "तू तिला मारलीस, तवा तिचं डोळं कसं होतं?"

"मिटलेलं."

"मारल्यावर मिटलं का आदी?"

मी आठवून बघितलं. माझा हात वर गेला होता. तिनं बघितलं होतं. मग...

"आदी," मी म्हणाले.

"मानसाला अचानक मारली की त्येचं डोळं टक्क उगडत्यात. वरडतोय, आईमाय काडतोय. जल्मात मला डोळं मिटनारा कुनी भेटला न्हाई. हात उठला की फुडं काय येतंय ते तिला ठावं हाय. अंग सैल सोडलं की कमी लागतं, हे बी ठावं हाय." त्यांनी तेलाची वाटी खाली ठेवली. "तू म्हनलीस, लई सहज बसला. ज्यो खांदा लई डाव उतरलाय त्योच सहज बसतोय, राजाक्का. सरावलेला असतोय."

 माझ्या तळहाताला एकदम मुंग्या आल्यासारखं झालं.

"मग करायचं काय?"

"पट्टा हाय तवर ती हाय. पट्टा काय मी लवकर सोडत न्हाई."

"पर कवातरी सोडावाच लागंल की."

"तेच तर," ते म्हणाले आणि दुसरा गुडघा चोळायला लागले.

त्या दिवसापासून मी मालनला एकच विचारायला लागले. आडून आडून, कधी भाकरी करताना, कधी केस विंचरताना. "जायचंय का तुला?" ती सांगायची नाही. तिला आई-बाप नव्हते. निपाणीला एक मावशी होती, विड्या वळायची. "मावशीकडं जातीस?" विचारलं तर म्हणायची, "त्ये येनारच की तितं." नवऱ्याचं नाव घ्यायची नाही, 'त्ये' म्हणायची. जसं आपण पावसाला, पुराला म्हणतो. येणारच.

आणि तो आला.

बेंदराचा आदला दिवस होता. आळीत सगळीकडं बैलांची शिंगं रंगवायची धांदल. मी जोत्यावर डाळ निवडत होते, मालन शेजारी. मामंजी बाजेवर. टेम्पो दारात येऊन थांबला. कल्लाप्पा उतरला, भांग नीट पाडलेला, दारू-बिरू काही नाही. मला वाटतं, प्यालेला असता तर मी एवढी भ्याले नसते.

"चल गं," तो म्हणाला. "उद्या बेंदूर. पै-पाव्हनं येनार. पोळ्या कोन तुझी आई करनार व्हय, जी मेली?"

"पट्टा हाय अजून," मामंजी म्हणाले.

"सोडा की मग."

"न्हाई सुटायचा. हाड कच्चं हाय."

कल्लाप्पा हसला. "वस्ताद, मी दूद इकतो. किती पानी घातलंय ते मला बोट बुडवून कळतं. हाड कच्चं न्हाई. तुमी माझी बायको ठेवून घेतलीया."

"कल्लाप्पा, तोंड सांबाळ," मी म्हणाले.

"वहिनी, तुमी डाळ निवडा."

तो सरळ जोत्यावर चढला आणि मालनच्या पट्ट्याचं टोक काखेतून उपसून काढलं. मामंजी ओरडले, "पट्ट्याला हात लावू नगंस!" त्यानं दोन्ही हातांनी हिसका दिला.

अजून ते माझ्या डोळ्यांपुढं येतं. लांबच लांब धोतराची पट्टी, एका टोकाला तो आणि दुसऱ्या टोकाला ती. तो ओढत होता आणि ती भोवऱ्यासारखी जागच्या जागी फिरत होती. एक वेढा सुटला, दुसरा सुटला. डाळीचं सूप तिच्या पायानं उडालं. ती ओरडत नव्हती. डोळे मिटून फिरत होती. शेवटचा वेढा सुटला तशी ती जोत्याच्या कडेवरून खाली अंगणात कोसळली, आणि त्यानं उडी मारून तिच्या कमरेत लाथ घातली. एक. मग दुसरी. अगदी शांतपणे, टेम्पोच्या टायरात हवा आहे का बघावी तशी.

"सोता उटून टेम्पोत बसायचं," तो म्हणाला. "उचलनार न्हाई आज."

मामंजी बाजेवरून कसे उठले कोण जाणे. ते गुडघे त्यांना न्हाणीपर्यंतही धड नेत नव्हते. ते मालनच्या आणि त्याच्या मधे जाऊन उभे राहिले, हात पसरून, आखाड्यात उभे राहावे तसे. कल्लाप्पानं टेम्पोच्या दारातून टामी काढली, ती चाकं काढायची लोखंडी कांब, आणि काही एक न बोलता मामंजींच्या उजव्या मनगटावर हाणली.

हाड मोडल्याचा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. आमच्याकडं हाडं मोडून यायची, मोडायला यायची नाहीत. वाळकी तुरकाटी मोडावी तसा आवाज झाला.

मी काय केलं ते मला सलग आठवत नाही. त्याच्या मानगुटीवर मी होते एवढं खरं. त्याच्या कानाचा चावा घेतला. तोंडात रक्त आलं, खारट, आणि खोबरेल तेलाची चव. त्यानं कोपर मागं मारलं. माझं तोंड अंगणातल्या जात्याच्या खुंट्यावर आपटलं आणि डाव्या बाजूची दाढ जिभेवर आली. मी ती थुंकून टाकली आणि पुन्हा उठले. तो मला मारायला वळला, टामी वर उचलली. तेवढ्यात मामंजींनी डाव्या हातानं, राहिलेल्या एका हातानं, मागून त्याचा दंड पकडला. नुसता पकडला नाही. पकडून आपलं सगळं अंग, म्हातारं पण पैलवानाचं, त्या दंडावर सोडून दिलं. दोघं पडले. टामी घरंगळत गटारीत गेली. कल्लाप्पाचा हात मागं, पाठीवर, जिथं हात जायला नको तिथं गेला.

आणि तो ओरडला. असा ओरडला की रंगवायला बांधलेला शेजारचा बैल दावं तोडायला लागला. आई, आई गं, मेलो, आई. कुंपणाच्या भिंतीवर माणसं जमली. गंगूआत्ती, त्यांचे दोघं लेक, तालमीतली पोरं. सगळे बघत होते. भिंतीच्या अलीकडं कुणी आलं नाही.

मामंजी घराच्या भिंतीला टेकून बसले. मनगट मांडीवर, नको त्या जागी वाकलेलं. चेहरा राखेसारखा. ते मला म्हणाले, "बसव त्येचं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कुनाचं?"

"त्येचा खांदा उतरलाय."

"मग उतरू दे! मामंजी, तुमचं मनगट बगा. ही बगा कशी पडलीया. ह्येचा बसवू?"

"दारात आलेलं हाड परत धाडत न्हाई आपन."

"हे दारात आलेलं न्हाई. हितंच उतरलंय."

"मग तर आपलंच झालं," मामंजी म्हणाले.

भिंतीवर कुणीतरी फिसकन हसलं. मला हसू येत नव्हतं, पण कळत होतं. म्हातारा ऐकणार नाही.

मी कल्लाप्पाला उताणा केला. काखेत टाच रोवली, जरा जास्तच रोवली. दोन्ही हातांनी मनगट धरलं. गडी बैलासारखा. एका हातानं मनगट धरून दुसऱ्या हातानं मारणं मला शक्य नव्हतं. आणि तो सगळा ताठला होता. आपल्याला आता काय करणार, याची त्याला कल्पना होती.

"कुनीतरी या," मी भिंतीकडं बघून म्हणाले. "एक थोबाडीत द्यायची हाय ह्येच्या."

एरवी आळीतली अर्धी माणसं त्या कामाला रांग लावून उभी राहिली असती. पण कल्लाप्पा उद्या बरा होणार होता, त्याला टेम्पो होता, टामी होती. भिंतीवरची माणसं एकमेकांकडं बघायला लागली.

मालन उठली. डावा हात उजव्या हातानं पोटाशी धरून, फाटक्या पट्टीत पाय अडकवत अडकवत आली. पट्टी तिच्यामागून धुळीत फरफटत होती. ती त्याच्या डोक्याशी बसली. डावा हात मांडीवर ठेवला, जपून, आणि उजवा मोकळा केला.

"मालन," तो म्हणाला. एकदम गोड आवाजात. "बग की गं, काय केलं म्हाताऱ्यानं. लई दुखतंय. मालन, तू..."

तिनं मारली.

भिंतीवरून 'अबब' असा आवाज आला. कल्लाप्पाचे डोळे टक्क उघडले. इतकं नवल मी कुठल्या माणसाच्या तोंडावर कधी बघितलं नाही, ना त्याआधी ना नंतर. त्या नवलात तो खांदा विसरला, आई विसरला, सगळं विसरला, आणि मी ओढलं. टप्प. बसला.

"बसला," मी म्हणाले.

पण मालनचा हात पुन्हा वर गेला होता.

"हान!" भिंतीवरून एक पोरगा ओरडला. "हान वहिनी, आजून एक! सगळं वसूल कर!" आता सगळ्यांनाच जोर आला. "हान! हान!" गंगूआत्तीसुद्धा ओरडत होत्या. मीही ओरडत होते की काय कोण जाणे. तोंडातून रक्त येत होतं, त्यामुळं नीट बोलता येत नव्हतं म्हणून वाचले.

कल्लाप्पानं तिचा उचललेला हात बघितला. आणि डोळे मिटले. मारायच्या आधी.

मालन त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मिटलेल्या पापण्या, आत वळलेले ओठ, सैल पडलेली मान. जणू ओळखीचं कुणी भेटलं होतं तिथं, ज्याला ती कधी समोरून बघू शकली नव्हती. तिचा हात वरच राहिला जरा वेळ. मग खाली आला. मारायला नाही, नुसताच खाली आला, मांडीवर.

ती उठली. अंगाची धूळ झटकली.

"आक्का," ती मला म्हणाली, "मी जाते निपानीला."

"आत्ता? अगं, तुझा खांदा तर बगू दे. बस जरा. हितंच ऱ्हा की चार दिस. आता ह्यो काय करतोय? मी हाय, मामंजी हाईत."

"न्हाई." ती पट्टी गोळा करत होती, एका हातानं, कोपराला गुंडाळत. "तुमचं उपकार हाईत. पर हितं बी मारूनच बरं करता की."

मी उजवा हात पदराआड घेतला.

तिला बहुतेक वाटलं, आपण जास्त बोललो. मवाळ होऊन म्हणाली, "रागावू नगा. पयल्या डावाला उतरला तवा मला कुनी कुटं नेलं न्हाई. आपल्या आपन बसला."

"आपल्या आपन?"

"बाजेवर पालथी पडून रडत हुते. हात बाजेखाली लोंबत हुता. रडून रडून दमले नि झोप लागली. उटले तर बसलेला." तिनं खांद्यावरून पदर घेतला. "त्येला येळ लागतो. एवडंच."

गंगूआत्तींच्या थोरल्या लेकाला काय वाटलं कोण जाणे, तो भिंतीवरून खाली उतरला, सायकल काढली आणि तिला स्टँडवर सोडून आला. कल्लाप्पाला तालमीतल्या पोरांनी त्याच्याच टेम्पोत मागं दुधाच्या कॅनांच्या मधे बसवून घरी पोचवला. त्याचा पट्टा मी बांधला होता, पक्का. पुढं तो सोडवून घ्यायला आला तेव्हा मान खाली घालून विचारत होता, "मालन कुटं हाय ते ठाव हाय का?" मी म्हणाले, "आमच्या घरात फकस्त कुटं दुखतंय तेवडं इचारत्यात." मालन मावशीशेजारी बसून विड्या वळते, असा निरोप मला वर्षभरानं मिळाला. तो निपाणीला एकदा गेला होता म्हणे. स्टँडसमोरच्या ओट्यावर विड्या वळणाऱ्या सगळ्या बाया त्याला बघून सुपं खाली ठेवून उठून उभ्या राहिल्या. तो बसमधून उतरलाच नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी अंगण रिकामं झालं तेव्हा मामंजी अजून भिंतीला टेकून होते आणि मनगट सुजून वांग्यासारखं झालं होतं. भिंतीवरची माणसं मात्र होती तशीच होती. मुख्य गंमत अजून बाकी होती ना. वस्ताद ओरडतो कसा, ते बघायचं होतं.

"चल," मामंजी म्हणाले. "मला काय पडदा नगं. मार नि वड."

त्यांनी गाल पुढं केला. म्हाताऱ्याचा गाल, पांढरे खुंट, त्यावर कल्लाप्पाच्या अंगची धूळ. सून म्हणून त्या घरात आल्यापासून मी त्यांच्या पाया पडण्यापलीकडं त्यांना कधी शिवले नव्हते.

मी शेजारी फतकल मारून बसले. त्यांचं कोपर माझ्या गुडघ्याला टेकवलं, हात उभा धरला आणि त्यांची बोटं माझ्या दोन्ही हातांत घेतली. ओढलं नाही. नुसतं वर धरून ठेवलं, खालचं सगळं वजन आपलं आपण लोंबेल असं.

"हे काय?" मामंजी म्हणाले.

"गप बसा."

"मार की. का आता हात धरून बसायचा माझा? लोक बगत्यात."

"बगू द्यात."

"वेडी का खुळी तू! असं कुटं हाड बसतंय?"

"कुस्तीचं सांगा कायतरी."

"आत्ता?"

"आत्ताच. मुरगूडच्या मैदानाचं सांगा, ते कुनाला पाडलं त्येचं."

ते आधी कुरकुरले. मग सुरू झाले. मुरगूडचं मैदान, समोरचा पंजाबचा गडी, त्याच्या अंगाला येणारा तुपाचा वास. सांगता सांगता त्यांचा आवाज खाली आला. माझे दंड दुखायला लागले, मग बधिर झाले. तोंडातलं रक्त गिळत मी बसून राहिले. बोटांत मला त्यांचा हात कळत होता. आधी दगडासारखा, मग ओल्या मातीसारखा, मग आणखी मऊ. पंजाबच्या गड्याला ते उचलतच होते, आणि माझ्या हाताखाली काहीतरी सरकलं. सावकाश. दार आपल्या वजनानं मिटावं तसं.

मामंजी बोलायचे थांबले. मनगटाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मारलंस न्हाई."

"न्हाई."

"मग बसलं कसं?"

"दमलं."

"हाडं दमत न्हाईत, राजाक्का."

"हाडं न्हाई, मामंजी. त्येस्नी आवळून धरनारं दमतंय."

 बोटं त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली नाहीत. ऊन कलून जोत्यावरून अंगणात उतरलं होतं आणि उडालेली डाळ कोंबड्या टिपत होत्या. भिंतीवरची माणसं अजून ओरडण्याची वाट बघत होती. मग एकेक जण कंटाळून खाली उतरला आणि बैल धुवायला निघून गेला.